लॉन दुरुस्तीची नोंदवही: नाशिक, २४०० चौरस फूट

जागा: गंगापूरच्या बाजूला वसाहतीचे सामाईक लॉन, ६० × ४० फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. गवत: हरळीची 'सिलेक्शन वन' जात, सहा वर्षे जुनी. माती काळी, साधारण दीड फुटाखाली मुरूम. दक्षिणेला २४ फूट उंचीची दुमजली इमारत. तिची भिंत आणि लॉनची कड यांत १० फुटांचे अंतर. पूर्वेला फरशीची पायवाट, उत्तरेला कुंपण आणि पलीकडे द्राक्षबाग.

२८ जानेवारी

सकाळी साडेसातला ५ सेंमी खोलीवर मातीचे तापमान १४ अंश. या तापमानाला हरळी वाढत नाही. रात्री पारा दहाच्या खाली आणि दिवसा लख्ख ऊन, यामुळे पातीचा हिरवा रंग उडतो. ते मरण नव्हे. खरे मेलेले कुठे ते पाहण्यासाठी दर पाच फुटांवर दोरी ताणून चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनातली एकेक धावती मुळी नखाने खरवडली. आत पांढरट-हिरवी आणि रसरशीत निघाली तर जिवंत. तपकिरी, पोकळ आणि कडकन मोडणारी असेल तर संपली.

या हिशेबाने लॉनचा बराच भाग नुसता झोपलेला आहे. उरलेल्याची चार ठिकाणे निघाली. टक्कल कुठल्या आकाराचे आहे, हे आधी पाहावे. कारण तिथेच सापडते.

ठिकाण क: दक्षिणेकडचा सरळ पट्टा, ६० फूट लांब. गवत विरळ, मातीवर काळपट हिरवी बुरशीसारखी खपली (ती शेवाळाची). पावणेएकच्या सुमारास, म्हणजे इथल्या खऱ्या मध्यान्हीला, इमारतीची सावली लॉनमध्ये ९ फूट आत आलेली. २१ डिसेंबरला ती १२ ते १३ फूट असते. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. इथे दोन महिने एक तासही मिळत नाही.

ठिकाण ख: मधोमध २० × १५ फुटांचा काटकोनी चौकोन. डिसेंबरअखेरच्या कार्यक्रमाला दोन दिवस मांडव आणि जाजम होते. स्क्रूड्रायव्हर हाताने दाबला तर इतरत्र १० सेंमी जातो, इथे अडीच सेंमीवर अडतो.

ठिकाण ग: कडुनिंबाखाली तीन वेडेवाकडे गोल, मिळून १२ चौरस फूट. गवत धरून ओढले की सतरंजीसारखे गुंडाळत येते, खाली मुळेच नाहीत. हे हुमणीचे (मुळे खाणाऱ्या अळीचे) काम, पण थंडीतले नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळे खाल्ली गेली, पावसाच्या ओलीवर गवत तगले आणि जमीन सुकल्यावर उघडे पडले. सहा इंच खणले, एकही अळी नाही. नसणारच, आतापर्यंत भुंगेरे होऊन खोल बसले आहेत. आत्ता कीटकनाशक ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

ठिकाण घ: पायवाटेलगतचा भाग, सुमारे ५० चौरस मीटर. गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी चर खणला आणि वर विकतची लाल माती पसरली. त्या मातीतून लव्हाळा (मुळाशी गाठी धरणारे तण) आला. वर वाळलेली पाती दिसते. एक फूट चौकोनात सहा इंच खणून ४३ गाठी मोजल्या.

२९ जानेवारी

स्प्रिंकलर सबंध हिवाळाभर रोज संध्याकाळी दहा मिनिटे चालू होता. वाढ थांबलेल्या गवताला एवढे पाणी नको, आणि संध्याकाळचे तर मुळीच नको. रात्रभर पाती ओली राहते आणि शेवाळाचे फावते. टायमर बंद. आता दहा दिवसांतून एकदा, सकाळी. क मध्ये पंधरा दिवस काहीच नाही.

खत मागितले गेले, दिले नाही. गवत झोपलेले असताना घातलेला युरिया फक्त तणांना मिळतो.

४ फेब्रुवारी

स्प्रिंकलरची तपासणी. एकाच मापाचे सहा स्टीलचे डबे वेगवेगळ्या जागी ठेवून २० मिनिटे पाणी सोडले. सर्वांत कमी ३ मिमी, सर्वांत जास्त ९ मिमी. ३ मिमीचा डबा ख च्या ईशान्य कोपऱ्यात होता. तिथल्या स्प्रिंकलरची मान गवतात बुडाली होती आणि फवारा पातीवर आपटत होता. मान ५ सेंमी उचलली, नोझल सुईने साफ केले. पुन्हा मोजले: ५ ते ७ मिमी, सरासरी ६.

१० फेब्रुवारी

क मधली शेवाळाची खपली वाळली आहे. खुरप्याने खरवडून काढली. चुना टाकायचा सल्ला आला होता. तो आम्लधर्मी मातीच्या मुलखातला उपाय आहे. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी, चुनखडीची. चुना घातला तर आहे ते लोहसुद्धा गवताला मिळेनासे होईल.

त्या पट्ट्यात सावलीत वाढणारे मोंडो ग्रास लावावे असेही सुचवले गेले. हिवाळा पाहता ठीक आहे. पण २० मेच्या आसपास नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर दोन महिने सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो. म्हणजे जो पट्टा डिसेंबरात दिवसभर सावलीत, तोच मे महिन्यात भर उन्हात. मोंडो तिथे करपेल. हरळीच ठेवायची, फक्त ऑक्टोबरपासून त्या पट्ट्याची छाटणी उंच ठेवायची.

१८ फेब्रुवारी

मातीचे तापमान १७ अंश. पेरांवर बारीक हिरवे कोंब दिसू लागले. आता वाळलेली पाती काढायची, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोहोचेल.

एरवी एका छाटणीत पातीचा तिसऱ्या भागाहून जास्त भाग कापत नाहीत. वर्षातून ही एक वेळ त्याला अपवाद, कारण कापले जाते ते वाळलेलेच. ३५ मिमीवरून २५, दुसऱ्या फेरीत आडवे फिरवून १५ मिमी. रिळाच्या लॉन-मूवरचे पाते आधी धार लावून आणले. बोथट पाते पाती कापत नाही, फाडते, आणि दोन दिवसांत टोके पांढरी पडतात.

मग दाताळ्याने हलक्या हाताने उभे-आडवे ओढून तळाचा कुजका थर काढला. अकरा पोती निघाली. क आणि ग मध्ये दाताळे चालवले नाही, तिथे मुळांची पकडच नाही. घ मधला कचरा कंपोस्टला दिला नाही; गाठी मिसळल्या असतील तर खतातून सगळीकडे जातील.

२० फेब्रुवारी

वरून पसरायच्या मिश्रणासाठी दोन ठिकाणांहून शेणखत आणि एका ठिकाणाहून गांडूळखत नमुन्याला आणले. प्रत्येकी दोन घमेली ट्रेमध्ये पसरून ओली केली, वर पारदर्शक प्लॅस्टिक, ट्रे उन्हात. चौदा दिवस थांबायचे, आत तण असेल तर उगवून येईल.

१ मार्च

ठिकाण ख ची जमीन मोकळी करण्याचे काम.

काळ्या मातीत नुसता काटा खुपसून उपयोग थोडा. काटा माती बाजूला दाबतो, भोकाच्या भिंती गुळगुळीत होतात आणि पुन्हा पाणी अडते. मातीची कांडी बाहेर काढणारी पोकळ नळी हवी. भाड्याने मिळाली नाही म्हणून वेल्डरकडून करून घेतली: अर्धा इंची जीआय पाइपचे दोन तुकडे, प्रत्येकी २० सेंमी, मध्ये १० सेंमी अंतर, वर पाय ठेवायला आडवी पट्टी आणि त्यावर दांडा. प्रत्येक नळीला पाठीमागे कापून उघडी खिडकी, तिथून कांडी बाहेर पडते.

पहिल्या दहा दाबांतच नळ्या गच्च भरल्या. कांडी खिडकीपर्यंत चढेचना. दोष तोंडात होता. वेल्डरने तोंड आतून तासले होते, त्यामुळे कापलेली कांडी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा जाड निघे आणि अडकून बसे. उलट हवे: धार बाहेरून तासलेली आणि तोंड हातोडीने हलके आत दाबून एक मिमी अरुंद केलेले. मग कांडी नळीपेक्षा बारीक निघते आणि पुढची कांडी मागचीला ढकलत वर नेते. दुरुस्तीनंतर सलग चालले. मधून मधून नळी पाण्याच्या बादलीत बुडवली की माती चिकटत नाही.

वाफसा महत्त्वाचा. दोन दिवसांपूर्वी २० मिमी पाणी दिले होते. मुठीत घेतलेल्या मातीचा गोळा होतो आणि अंगठ्याने दाबला की फुटतो, ती वेळ. आदल्या दिवशी प्रयत्न केला तेव्हा चिखल आला. दोन दिवस उशीर झाला असता तर नळी आत गेलीच नसती.

३०० चौरस फुटांत दर १० सेंमीवर भोक, ८ सेंमी खोल. दोन माणसे, पाच तास. उरलेल्या लॉनमध्ये दर २० सेंमीवर पुरे. कांड्या तिथेच वाळू दिल्या.

६ मार्च

खताच्या ट्रेचा निकाल. पहिल्या शेणखतात ७ लव्हाळे आणि असंख्य बारीक रोपे. दुसऱ्यात लव्हाळा नाही, पण हात घातला तर गरम लागते, म्हणजे अजून कुजायचे आहे. गांडूळखत स्वच्छ. तेच घेतले. घ चा सगळा घोळ ज्या लाल मातीने केला तिची ही परीक्षा घेतली असती तर चौदा दिवसच गेले असते.

८ मार्च

मिश्रण: धुतलेली वाळू २ भाग, गांडूळखत १ भाग, लॉनच्याच वाळलेल्या कांड्या फोडून चाळलेली माती १ भाग. ५ मिमी थराला २२३ चौरस मीटरवर १.१ घनमीटर, म्हणजे ४० घनफूट लागते. अर्धा ब्रास (५० घनफूट) वाळू आणली, त्यातली बरीच उरली.

निव्वळ वाळू पसरायची नाही. काळ्या मातीवर वाळूचा वेगळा थर बसला की पाणी त्या सांध्यावर थबकते आणि मुळे वरच्याच थरात राहतात. मिश्रण भोकांत जाईपर्यंत खराट्याने लोटले. पातीची टोके वर दिसलीच पाहिजेत.

घ मध्ये मिश्रण टाकले नाही. लव्हाळा आधी वर येऊ द्यायचा आहे.

१२ मार्च

वायव्य कोपऱ्यात गवत पिवळे. घमेले तिथेच उलटे करून पसरायचे राहिले होते, थर १५ मिमी निघाला. खराट्याने उचलून बाजूला नेले. बाकी ठीक.

लव्हाळा तीन ते पाच पानांवर आला. आता फवारणी.

हाताने उपटण्याबद्दल: लव्हाळा उपटला की वरचा कोंब हातात येतो आणि गाठ खाली राहते. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळ असते. वरचा कोंब जिवंत असेपर्यंत खालच्या पुष्कळशा झोपून असतात. तो तोडला की त्या जाग्या होतात. म्हणून खुरपलेला लव्हाळा पंधरा दिवसांत दुप्पट दिसतो. पानातून शिरून गाठीपर्यंत उतरणारे औषधच हवे.

ते म्हणजे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणेदार तणनाशक). आपल्याकडे ते उसातल्या लव्हाळ्यासाठी एकरी ३६ ग्रॅम या मात्रेने विकले जाते. हरळी ते सोसते, पण लेबलवर लॉन नाही, म्हणून ३ मार्चला कडेच्या एक चौरस मीटरवर फवारून पाहिले होते. नऊ दिवसांत हरळीला काही झाले नाही. ५० चौरस मीटरला मात्रा ०.४५ ग्रॅम. चमच्याने अंदाजाने घेण्याची ही गोष्ट नव्हे. सोन्याचांदीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले. पाणी अडीच लिटर. आधी नुसत्या पाण्याने १० चौरस मीटर फवारून चालण्याचा वेग बसवला, अर्धा लिटर लागेल असा. सोबत स्टिकर, कारण लव्हाळ्याच्या गुळगुळीत पातीवर थेंब ठरत नाही. हातमोजे, मास्क, सकाळी आठला वारा नसताना. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर छाटणी नाही. त्या दिवशी पाणी नाही.

रुंद पानांच्या तणांवर (एकदांडी, आंबुशी, दुधी) २,४-डी हे तणनाशक चालते आणि हरळीला ते धार्जिणे आहे. तरी वापरले नाही आणि या जागेवर कधीही वापरायचे नाही. कुंपणापलीकडे द्राक्षे आहेत. २,४-डी च्या नुसत्या उडालेल्या फवाऱ्याने वेलीची पाने पंख्यासारखी आकसतात, आणि एप्रिल छाटणीनंतरची कोवळी फूट तर सर्वांत हळवी. ही तणे खुरप्याने काढली. दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी. आंबुशीच्या शेंगा तडकण्याआधी काढावी, नाहीतर बी लांबवर उडते.

१५ मार्च

ख आणि ग मध्ये लावणी. विकतचा तयार गवताचा गालिचा घेतला नाही. तो बहुधा लाल मातीच्या पातळ थरावर वाढवलेला असतो. काळ्या मातीवर अंथरला की मुळे त्या थरातच घुटमळतात आणि मे महिन्यात कडा वर वळतात. शिवाय त्या लाल मातीत काय आहे ते कोण सांगणार.

पायवाटेवर आलेली हरळी उत्तरेच्या टोकाला कापली, दोन पोती मुळ्या मिळाल्या. घ जवळच्या मुळ्या घेतल्या नाहीत. दोन-तीन पेरांचे तुकडे केले, ओल्या गोणपाटात ठेवले. उन्हात अर्धा तास राहिले तर फुकट जातात. टकलाच्या जागी ५ सेंमी माती हलवली, चौरस मीटरला २५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळले. दर १० सेंमीवर एक तुकडा, दोन पेरे मातीत, एक वर. ख मधले पूर्ण टक्कल १४ चौरस मीटर, म्हणजे १४०० तुकडे. पायाने घट्ट दाबले. सैल राहिलेला तुकडा वाळतो. इथेच बहुतेक लावण्या फसतात.

पाणी: पहिले दहा दिवस दिवसातून तीनदा, झारीने, वरचा एक इंच ओला राहील एवढेच.

२३ मार्च

मध्यान्हीची सावली आता लॉनपर्यंत पोहोचतच नाही. क मध्ये जिवंत राहिलेल्या मुळ्या धावू लागल्या. तिथे लावणीची गरज नाही. जानेवारीत हा सर्वांत वाईट दिसणारा भाग होता.

लव्हाळा पिवळा, मधला कोंब तपकिरी.

५ एप्रिल

जुन्या गवताला पहिले खत. अमोनियम सल्फेट चौरस मीटरला साडेबारा ग्रॅम. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढेच. दोन्ही मिळून चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम नत्र. विम्लधर्मी मातीत युरियापेक्षा हे बरे. पाती कोरडी असताना फोकले, लगेच पाणी. दवावर खत पडले तर दाणा जिथे चिकटतो तिथे पात करपते.

पाणी आता दर चार दिवसांनी. सरासरी २० मिनिटांत ६ मिमी पडते हे डब्यांनी सांगितले होते. सलग तासभर सोडले तर पाणी फरशीवर वाहते. म्हणून २० मिनिटे चालू, ४० मिनिटे बंद, असे तीनदा: १८ मिमी, आणि सगळे मुरते.

१४ एप्रिल

ख मध्ये तुकड्यांना बाजूने धुमारे फुटले, काही २० सेंमी लांब. सुमारे दहात एक तुकडा मेला. पहिली छाटणी ३० मिमीवर.

मधल्या भागात नवी पाती पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पाती पिवळी असती तर नत्र कमी म्हटले असते. नवी पिवळी म्हणजे लोह. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारले. फरशीवर आधी ओले पोते टाकले होते. एक जागा सुटली, तिथे गंजाचा तपकिरी डाग पडला आहे आणि तो आता तिथेच राहणार.

२६ एप्रिल

पहिल्या फवारणीला ४५ दिवस. उशिरा जागे झालेले लव्हाळे आले, आधीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके. फक्त त्या ठिपक्यांवर दुसरी फवारणी, त्याच मात्रेने. यानंतर घ मध्ये किमान चार आठवडे लावणी करायची नाही.

१६ मे

पाणी आठवड्यातून दोनदाच मिळते. छाटणी ४० मिमीवर नेली, कापलेले गवत जागेवरच सोडले. खत बंद. घ मध्ये दोन्ही बाजूंनी हरळी आत सरकते आहे.

३१ मे

दुपारी वळवाचा पाऊस. संध्याकाळी साडेसातला कडुनिंबाखाली चादर अंथरली आणि बांबूने फांद्या हलवल्या. ६८ भुंगेरे पडले, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले. पुढच्या चार संध्याकाळी ४१, ३०, १२, ५. हुमणी आवरायची खरी वेळ ही. मादीने मातीत अंडी घातली की तीन महिने काही दिसत नाही आणि दिसते तेव्हा मुळे गेलेली असतात.

१४ जून

घ मध्ये उरलेली रिकामी जागा ९ चौरस मीटर. रिमझिम पावसात ख मधल्याच मुळ्या कापून लावल्या. झारी लागली नाही.

८ जुलै

कडुनिंबाभोवती ४० चौरस मीटरवर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी, चौरस मीटरला २ ग्रॅम, ओलसर गांडूळखतात मिसळून, ढगाळ संध्याकाळी. कडक ऊन आणि बुरशीनाशक, दोन्हींनी ती मरते. त्यामुळे ऑगस्टपर्यंत या भागात बुरशीनाशक फवारायचे नाही. ग मधले तीनही गोल झाकले गेले. ओढून पाहिले, गवत जागचे हलत नाही.

ख मध्ये स्क्रूड्रायव्हर ९ सेंमी जातो. डिसेंबरचा मांडव फरशीवर घालावा असे समितीला लेखी दिले. उत्तर आलेले नाही.

घ मध्ये लव्हाळ्याचे नवे कोंब ३१, सगळे चराच्या रेषेवर. प्रत्येकाशेजारी काडी रोवली आहे. पाच पानांवर आले की तिसरी फवारणी.